बत्तीस सेंटिमीटर

नाही म्हणजे नाही. सही मिळणार नाही. — बस गं तू, बस, तुझ्यावर नाही चिडले मी. तू बिचारी कागद घेऊन आलीस, सांगितलं तेवढं केलंस. बायकांचे ते पोहायचे कॉस्च्यूम सरकव बाजूला, इलॅस्टिक घालायचंय त्यांना, आणि टेक इथं. पण सेक्रेटरीला जाऊन सांग, म्हातारी म्हणाली, भिंतीला हात लावाल तर याद राखा. अस्संच सांग, शब्द बदलू नकोस. क्लबला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढताय ना — काढा की! फोटो छापा, भाषणं करा. पण इतिहास विचारायला म्हणून पोरगी पाठवायची आणि वहीच्या मागून हळूच हा कागद पुढे सरकवायचा? मला काय दुधखुळी समजलात? काय तर म्हणे, 'उथळ बाजूची भिंत पाडून तलाव बत्तीस सेंटिमीटरने वाढवण्यास संस्थापक सभासद म्हणून माझी हरकत नाही.' आहे माझी हरकत! चांगली ढळढळीत हरकत आहे. आता आम्ही संस्थापक उरलो किती — दोघं. एक ते नळवाले, आमचे पहिले अध्यक्ष, ते मुलीकडे अंथरुणाला खिळलेत, त्यांची सही तुम्ही घेतलीच असेल. घेतली ना? वाटलंच. मग राहिले मी. आणि माझ्या सहीवाचून इथली वीट हलत नाही, क्लबच्या घटनेत लिहिलंय तसं. ती घटना लिहिताना मी तिथं होते बाई, मला नका शिकवू.

माहितीये, माहितीये — पंचवीस मीटर पाहिजे. स्पर्धा भरवायच्यात. चोवीस मीटर अडुसष्ट सेंटिमीटरच्या तलावात कुणी माशासारखं पोहलं तरी त्याची वेळ कुठं धरत नाहीत. मग नका धरू! बत्तीस सेंटिमीटर म्हणजे किती? हे बघ, माझ्या कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत. एवढ्यासाठी अख्खी भिंत पाडायची? पन्नास वर्षांत थेंब गळला नाही तिच्यातून. आणि हे खाली बारीक अक्षरात काय छापलंय — थांब, चष्मा — 'मूळ बांधकामातील गवंड्याच्या चुकीमुळे'. गवंड्याच्या! बघितलंस? हे कुणी घातलं? सेक्रेटरीनं? त्याचा जन्म तरी झाला होता का तेव्हा? तो गवंडी म्हणजे माझा दीर. भाऊजी म्हणायचे मी त्यांना. असा ओळंबा लावणारा माणूस पुन्हा झाला नाही. हे वाक्य ज्या कागदावर आहे त्याला मी हातसुद्धा लावणार नाही — ने तो तिकडे, टेबलाच्या त्या टोकाला ठेव. हां. आता विचार काय ते.

सुरुवात? सुरुवात साहेबांच्या तलावापासून झाली, लिही. आमचा फरशांचा कारखाना. बंगल्यांच्या मागं साहेब लोकांचा तलाव, निळाशार. त्यात शुक्रवारी दुपारी कामगारांच्या घरच्यांना मुभा. आम्ही काय खूश! पोरंबाळं घेऊन जायचो, आल्यावर साहेबांची तारीफ. मग झालं काय, आमच्यातला एक फिटर — तेच ते नळवाले — त्यांची बदली झाली तलावाच्या पंपावर. पहिल्याच आठवड्यात त्यांना कळलं की शुक्रवारी संध्याकाळी आम्ही बाहेर पडलो की झडप उघडून सगळं पाणी सोडून देतात, शनिवारी टाकी घासूनपुसून औषध मारतात आणि रविवारी साहेबांसाठी ताजं पाणी. कळलं का? आठवडाभराचं घाण पाणी आम्हाला, आणि आमच्यानंतर फिनेल! त्यांनी कॅन्टीनमध्ये सांगितलं तेव्हा सगळ्यांनी ताटं सरकवली. मग पुढच्या शुक्रवारी आम्ही काय केलं माहितीये? सगळे गेलो. झाडून सगळे. अंगावरच्या कपड्यांनिशी काठावर बसलो, दोन तास. एकानं म्हणून पाय बुडवला नाही. माझी नणंद तर पाण्याकडे पाठ करून बसली होती. पहारेकरी विचारतोय, काय झालं, काय झालं — कुणी बोलेना. दोन तास झाले, उठलो, चालू पडलो. त्यानंतर त्या फाटकातून आमच्यातलं कुणी आत गेलं नाही.

मग ही जागा. नगरपालिकेनं दिली, कारण इथं दुसरं काहीच उगवत नव्हतं. खाली नुसता मुरूम — पण कसला, दगडासारखा! कुदळ मारली की ठिणगी उडायची. आठ महिने खोदत होतो आम्ही. कारखान्यातून सुटलं की इकडे, रविवार अख्खा इकडे. नियम असा, की वर्गणी पैशात नाही, दिवसांत. सभासद व्हायचं तर पन्नास दिवस द्यायचे. डॉक्टर असो, मास्तर असो — पन्नास दिवस. ते आमचे दाताचे डॉक्टर चार दिवसांत हाताला फोड आणून बसले, तरी पन्नास भरले त्यांनी. फरशा कारखान्याच्या — सेकंड माल, कुठं रंग उडालेला, कुठं कड तुटलेली, म्हणून तलावाच्या तळाला सतरा प्रकारचे निळे दिसतात, तुम्ही फोटो काढता ना त्याचे, कौतुकानं. ते काय नक्षीकाम नव्हे, मिळेल ते लावलं.

आणि बायका. बायकांचं लिहिणार आहेस का नाही? लिहीच. घमेली कुणी वाहिली? आम्ही. पण दिवस कुणाच्या नावावर? नवऱ्याच्या. आमचे हे भट्टीवर कामाला, ह्यांचे पन्नास दिवस सगळ्यांच्या आधी भरले, लोक काय वाहवा करतायत — अहो, त्यातले तीस माझे! मी शिवणकाम करायची, तेव्हाही हेच मशीन. दुपारी टाके घालायचे आणि उन्हं कलली की डोक्यावर चुंबळ. मी म्हटलं, आमच्या नावानं कार्ड द्या. तर ते स्टोअरवाले होते एक, कारखान्याचे स्टोअरकीपर, सगळ्यात नाक खुपसायचे, ते म्हणाले, वहिनी, बायकांनी तलावात उतरायचं, वर सभासदही व्हायचं, मग आम्ही काय कपडे सांभाळत बसायचं? हसले सगळे. मी नाही हसले.

आखणीच्या दिवशी तर गंमत झाली. रविवार सकाळ, खुंट्या, दोरी, चुन्याची फक्की, सगळं तयार. आणि स्टोअरवाले मान खाली घालून आले, की वरून हुकूम आलाय, कारखान्याचं एकही हत्यार तिकडे द्यायचं नाही. लांब पोलादी टेप येणार होती ती आली नाही. झालं, सगळ्यांची तोंडं उतरली, पुढच्या रविवारी बघू म्हणाले. मी गळ्यातली टेप काढली. म्हटलं, दिवसभर मापं कोण घेतं इथं? तुम्ही का मी? माझ्या मापात कधी कुणाचा सदरा तंग झालाय? स्टोअरवाले म्हणाले, तलाव आहे वहिनी, परकर नाही. म्हटलं, कळतंय मला, धरा ते टोक! — आणि घेतलं मी माप. चाळीस माणसांच्या देखत. दीड मीटरची टेप — सोळा टेपा आणि वर एक मीटर. भाऊजी माझ्या मागनं खुंट्या ठोकत येत होते. शेवटच्या खुंटीला मी म्हटलं, थांबा, दोन सेंटिमीटर पुढे ठोका. त्यांनी ठोकली. लोक म्हणाले, काय बारीक नजर आहे बाईची! छाती अशी फुगली होती माझी. ह्या क्लबातली पहिली रेघ बाईनं ओढलीय, हे लिही, ठळक लिही.

तलाव झाला, पाणी भरलं. भाऊजींनी भिंत अशी घातली होती की खुंटीच्या बाहेर नाही, आत नाही. पाणी भरल्यावर तीन दिवस ते काठावरून हलले नाहीत, कुठं झिरपतंय का बघत. मग दोन वर्षांनी आपली पहिली स्पर्धा ठरली आणि जलतरण संघटनेचा माणूस आला पोलादी टेप घेऊन. त्यानं मोजलं. परत मोजलं. म्हणाला, बत्तीस कमी आहेत. झाली स्पर्धा! गावभर हसं. ते साहेब लोक तर — जाऊ दे. मग सभा बसली, चूक कुणाची म्हणून, आणि त्यात कळलं की खोदताना त्या टोकाला माती ढासळली होती, म्हणून भाऊजींनी भिंत आत घेतली आणि कुणाला बोलले नाहीत. बस. एवढंच. संपला इतिहास. तुला चहा सांगू? नको? मग लिहून झालं असलं तर —

काय?

हो, मुरूम म्हणाले मी. मग? ठिणगी उडायची, म्हणाले. बरं मग? — मुरूम कसा ढासळेल, असं म्हणतेस. तू काय इंजिनियर आहेस का? वडील आहेत. हं. वडील काय करतात ते विचारायला पाहिजे होतं मी आधी.

ढासळतो कधीकधी. पावसाबिवसानं — नाही. नाही ढासळत. खोटं कशाला बोलू आता, त्र्याऐंशी चालू आहे मला. ती भिंत पाडलीत ना, तर मागं मुरूम उभाच्या उभा दिसेल, कापलेल्या वडीसारखा, खुंटीला खुंटी. कुठल्याही पोराला कळेल की ढासळलं-बिसळलं काही नव्हतं. — बघते काय अशी? पेन खाली ठेव. ठेव म्हटलं ना! हे स्मरणिकेसाठी नाही.

माझ्या टेपची पुढची पितळी पट्टी तुटली होती. कधीची. दोन सेंटिमीटर फाटले म्हणून मी कात्रीनं साफ कापून टाकले, कोण नवी घेतंय. माप घेताना दोन वजा करायचे, संपलं. छाती ब्याण्णव आली की नव्वद लिहायचे. हाताला इतकी सवय, की विचारसुद्धा येत नाही मनात. आणि त्या दिवशी मला आठवणही होती, हे ऐक, विसरले नव्हते मी! म्हणून तर शेवटी म्हटलं, दोन पुढे ठोका. हुशारी माझी! अगं, पण टेप सतरा वेळा टाकली होती मी. सतरा वेळा दोन-दोन गेले आणि मी दिले एकदाच. चौतीसातले दोन. शिंपिणीला कुठून सुचणार दुसरं — माणूस केवढाही आडदांड असू दे, एका टेपेत मावतो. जन्मात मी टेपेला टेप जोडून माप घेतलं नव्हतं. आणि धरा ते टोक म्हणून मिजास केवढी!

मला कळलं नव्हतं गं. शपथेवर सांगते, सभेच्या दिवसापर्यंत नाही कळलं. मीसुद्धा म्हणत होते, काहीतरी भिंतीत घोळ झाला असेल. सभेच्या दिवशी दुपारी मी मशीनवर होते, भाऊजी दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, वहिनी, टेप बघू. दिली. त्यांनी टोक बघितलं. अंगठा फिरवला त्याच्यावर. मग बोटांवर काहीतरी मोजलं, आणि म्हणाले, सतरा. थोड्या वेळानं म्हणाले, बत्तीस. बस, एवढंच. माझा पाय पायडलवर होता तो तिथंच राहिला. वाटलं, आता हे बोलतील. तर म्हणाले काय — आज बायकांचा ठराव आहे ना सभेत? म्हटलं, हो. बोलायची तयारी झाली का? म्हटलं, झाली. बरं, म्हणाले, आणि टेप मशीनवर ठेवून गेले.

कारण तोच दिवस होता ना! पहिला विषय बत्तीस सेंटिमीटर, दुसरा विषय बायकांना स्वतःच्या नावानं सभासदत्व आणि दुपारी तीन ते पाच बायकांची वेळ. दोन वर्षं एकेकीच्या घरी जाऊन, एकेकीच्या नवऱ्याशी भांडून आणला होता मी तो ठराव. सभा सुरू झाली आणि स्टोअरवाले उठलेच — बाईच्या हातात माप दिलं तेव्हाच मी म्हणालो होतो! चाळीस माना माझ्याकडे. आता हिला सभासद करा म्हणे, म्हणजे पुढचा तलाव बादलीएवढा होईल. हसले. मी उठणार होते. देवाशपथ उठणार होते, पदर खोचला होता. — उठले असते का? काय माहीत. तेवढ्यात भाऊजी उठले. त्यांना सभेत बोलता यायचं नाही, भिंतीकडे बघत बोलले. म्हणाले, वहिनींचं माप बरोबर होतं. माती ढासळली, भिंत मी आत घेतली, सांगायचं राहिलं. चूक माझी. आणि खाली बसले. मी बसूनच होते. मूग गिळून बसून होते. मग दुसरा विषय आला तेव्हा उठले आणि असं बोलले, असं बोलले, की ठराव एकवीस विरुद्ध अठरा मतांनी पास झाला. तीन मतं. लोक अजून सांगतात त्या भाषणाबद्दल. तुला कुणी सांगितलं असेलच.

बत्तीस मिस्त्री म्हणायला लागले लोक त्यांना. पोरंटोरं सुद्धा. स्वतःची कामं घेणारा माणूस, चार घरं चालू असायची एका वेळी — कोण देतंय नंतर? जो कुणाला न सांगता भिंत आत घेतो त्याच्या हातात घर कोण देईल? दुसऱ्याच्या हाताखाली रोजंदारीवर गेले. त्या सभेनंतर दाराशी तो संस्थापकांचा फलक लावला ना, त्यावर माझं नाव आहे, बायकांत पहिलं. त्यांचं नाही. दिवस किती दिले होते त्यांनी, माहितीये? एकशे ऐंशी. ठराव करून वगळलं. आणि एकाच घरात आम्ही! त्यानंतर छत्तीस-सदतीस वर्षं एका टेबलावर जेवले ते, मी वाढायची. एका शब्दानं कधी — एका शब्दानं नाही. वर्षातून दोनदा-तीनदा विचारायचे, वहिनी, गळत नाही ना कुठं? मी म्हणायची, नाही भाऊजी, थेंब नाही. बरं, म्हणायचे. पाण्यात मात्र परत उतरले नाहीत कधी. आमचे हे सुद्धा लोकांबरोबर हसायचे सख्ख्या भावाला. ह्यांनाही सांगितलं नाही मी. हे गेले. भाऊजींना जाऊन अकरा वर्षं झाली.

का नाही सांगितलं? बायकांची वेळ गेली असती, आणि काय! टपलेलेच असतात सगळे. स्टोअरवाले गेले तर दुसरे आले, आता तुमचे हे सेक्रेटरी — स्पर्धा आल्या की सराव आला, सराव आला की दुपारचे तीन ते पाच पहिल्यांदा जाणार, मला दिसत नाही का? मी बोलले असते तर त्यांना तेच पाहिजे होतं, की बघा, बाईनंच — हे कारण आहे. चांगलं कारण आहे. — पहिली पाच-सहा वर्षं ते खरं होतं. मग बायकाच शंभरावर झाल्या, मग कोण काढणार होतं आम्हाला? मग नुसती सवय झाली. टेपेतून दोन वजा करायची होती तशी. लाज वाटते मला, पोरी. तुझ्यासमोर नाही, ह्या कॉस्च्यूमांसमोर वाटते. दोनशे बायका येतात, मला नमस्कार करतात, म्हणतात तुमच्यामुळे. अगं, कुणामुळे!

आता रडणार नाही मी, रुमाल ठेव तुझा आत. आण तो कागद. आण इकडे. पेन दे. — हे वाक्य बघ, हे 'गवंड्याच्या चुकीमुळे', हे मी खोडते. माझ्या हातानं. इथं लिहिते, शिंपिणीच्या. वाचता येतंय ना? बाजूला लिहिते, सतरा वेळा दोन. विचारलं कुणी तर तुझ्या वडिलांना समजावून द्यायला सांग. आणि ह्याच्याखाली सही. घे. पाहिजे होती ना तुमच्या सेक्रेटरीला सही? दिली. आता भिंत पाडा नाहीतर ठेवा, सभेत ठरवा, मी आडवी येणार नाही. पण हा कागद वाचायचा तो सभेत, मोठ्यानं, आणि बायका बसलेल्या असताना. आणि वाचल्यावर कुणाच्या तोंडून निघू दे की बाईच्या हातात माप दिलं म्हणून असं झालं, आता द्या दुपारची वेळ आम्हाला — निघू दे! ह्या वेळी मी उठणार आहे. आणि फलकावर त्यांचं नाव येईपर्यंत खाली बसणार नाही, त्र्याऐंशीची असले तरी गुडघे चांगलेत माझे.

स्मरणिकेत? छाप की. सगळं छाप. मघाशी नको म्हणाले ते विसर.

चल, ऊठ. तीन वाजले, बायका आल्या बघ, कपाटाच्या किल्ल्या द्यायच्यात मला. — आणि हे बघ, पाडायचीच ठरली तर मजूर जास्त लावायला सांग त्यांना. दोन माणसांत व्हायचं नाही. भाऊजींनी घातलेली आहे ती. जा.